सीमेवरच्या गावातील आशा कार्यकर्तीचे मानधन : एका घराच्या हिशेबाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात जून २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात घडले. संबंधित आशा कार्यकर्तीच्या संमतीनेच ते येथे मांडत असून तिचे, तिच्या गावाचे आणि आरोग्य केंद्राचे नाव दिलेले नाही. मी आरोग्य खात्यात आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. परिसरातील आशांना नोंदवह्या आणि अर्ज यांबाबत मदत करीत असल्यामुळे या प्रकरणातील बहुतेक कागद माझ्या नजरेखालून गेले आहेत. आशांच्या मानधनाविषयी बोलताना साधारणपणे रक्कम किती, एवढाच प्रश्न विचारला जातो. ती रक्कम किती तुकड्यांत येते, कोणत्या तारखेला येते आणि तिच्यातला एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो शोधायचा कोणी, हे प्रश्न घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीने तितकेच मोठे असतात आणि या प्रकरणाचा सारा भार त्यांच्यावरच आहे.

पार्श्वभूमी

या बाईंचे वय अडतीस. शिक्षण मराठी माध्यमातून दहावीपर्यंत झालेले आणि २०१० पासून त्या आशा म्हणून काम करीत आहेत. पती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत कंत्राटी कामगार आहेत. घरात सासूबाई, तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, बेळगावात शिकणारी मुलगी आणि गावच्या सरकारी मराठी शाळेत आठवीत असलेला मुलगा आहे. एक एकर कोरडवाहू जमिनीत पावसाळ्यात भात आणि थोडी रताळी होतात. भात घरात खायला पुरते, रताळ्यांचे चार पैसे हाती येतात. सीमाभागातील असंख्य मराठी घरे अशीच आहेत.

गाव महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याच्या हद्दीपासून काही किलोमीटरवर आहे. गावात सुना येतात त्या अर्ध्याअधिक चंदगड आणि गडहिंग्लजकडच्या, आणि गावच्या मुलीही तिकडेच दिल्या जातात. सोयरीक राज्याची हद्द पाहून ठरत नाही. सरकारी नोंद मात्र हद्दीपाशीच अडते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या प्रकरणातील नुकसानीचा मोठा भाग त्या अडकण्यातून झाला.

मानधन कसे घडते

आशांची नेमणूक २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार लोकवस्तीमागे एक या प्रमाणात झाली. कागदोपत्री त्या स्वयंसेविका आहेत, त्यामुळे किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू होत नाही. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केली होती, पण ती अमलात आली नाही. कर्नाटकात या काळात राज्य सरकारचे ठरीव ५,००० रुपये, नियमित कामांसाठी केंद्र सरकारचे दरमहा २,००० रुपये आणि त्याशिवाय कामागणिक प्रोत्साहनधन अशी रचना होती. जननी सुरक्षा योजनेतील पात्र बाईची गरोदरपणातील देखभाल आणि दवाखान्यातील बाळंतपण यांचे मिळून ६०० रुपये, बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी पूर्ण केल्याचे २५० आणि पहिल्या वर्षाचे लसीकरण पुरे झाल्याचे १०० रुपये मिळतात. ही प्रत्येक रक्कम वेगळ्या नोंदीवर, वेगळ्या सहीवर आणि आरसीएच पोर्टलवरील, म्हणजे माता-बालआरोग्याच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावरील, माहितीवर अवलंबून असते. मानधनाची या पोर्टलशी असलेली जोडणी तोडावी ही राज्यातील आशांच्या संघटनेची जुनी मागणी आहे, आणि हे प्रकरण पाहिल्यावर तिचा अर्थ पुरता कळतो.

खात्यावर कधी ५,००० जमा होत, कधी ७,००० च्या वर, तर एखाद्या महिन्यात काहीच नाही आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे एकदम. या बाईंचे त्याबद्दलचे बोलणे थोडके होते : "पैशे येत्यात अक्का, पर कवा येतील ते सांगता येत नाही."

खर्चाची बाजू

याच काळात घरखर्च ज्या वस्तूंमुळे वाढला त्या सगळ्या रोजच्या होत्या. जून २०२४ मध्ये राज्याने पेट्रोल आणि डिझेलवरील विक्रीकर वाढवला आणि पतीचा मोटारसायकलचा खर्च वाढला. जुलैमध्ये खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. आशांच्या बाबतीत हा खर्च घरचा म्हणावा की कामाचा, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. फोटो पाठवणे, बैठकीचे निरोप, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे त्यांच्या स्वतःच्या फोनवर आणि या प्रकरणात स्वतःच्याच पैशांनी होत होते. सप्टेंबरमध्ये केंद्राने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवले आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर तेल महागले. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या बसचे तिकीट १५ टक्क्यांनी वाढले. एप्रिलमध्ये नंदिनी दूध लिटरमागे ४ रुपयांनी आणि घरगुती गॅसची टाकी ५० रुपयांनी महागली.

सरकारी योजनांचा आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. शक्ती योजनेमुळे बाईंचा आणि मुलीचा बेळगावपर्यंतचा प्रवास फुकट होतो आणि गृहज्योती योजनेमुळे विजेचे बिलही बहुधा शून्य येते. गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या सासूबाईंच्या नावे येतात आणि त्यातला बराचसा भाग त्यांच्या औषधपाण्यात जातो. तो हप्ताही काही वेळा रखडला. शिवाय बसचा फुकट प्रवास रात्री दोन वाजता कामाला येत नाही. बाळंतिणीबरोबर १०८ च्या गाडीतून गेलेल्या आशाला परतीची सोय स्वतःच पाहावी लागते. नगू-मगूची गाडी बाळ-बाळंतिणीला घरी सोडते, पण ती निघते दोन-तीन दिवसांनी, आणि आशाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी लसीकरणाला हजर राहायचे असते.

अडचण उभी राहिली ती अशी

जुलै २०२४ च्या मोठ्या पावसात घराची मागची भिंत आणि छपराचा एक भाग खचला. दुरुस्तीला दुसरा मार्ग न दिसल्यामुळे ऑगस्टमध्ये त्यांनी बायकांच्या गटामार्फत एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून ४०,००० रुपये घेतले. चोवीस महिन्यांचा हप्ता सुमारे २,१०० रुपये बसला. मानधन वेळेवर आले असते तर तो झेपणारा होता. नोव्हेंबरात मुलीच्या कॉलेजचा दुसरा हप्ता भरायची वेळ आली, त्याच महिन्यात फाउंड्रीतील पतीच्या पाळ्या कमी झाल्या आणि केंद्राच्या २,००० रुपयांचा तर तीन महिने पत्ताच नव्हता. तेव्हा दुसऱ्या कंपनीकडून आणखी २५,००० रुपये उचलले गेले. दोन्ही हप्ते मिळून दरमहा पावणेचार हजारांच्या पुढे गेले, म्हणजे राज्याच्या ठरीव मानधनाचा तीनचतुर्थांश भाग हप्त्यांतच संपू लागला.

हप्त्याचा दिवस ठरलेला असतो, मानधनाचा नसतो. डिसेंबरात हप्ता चुकला तेव्हा वसुलीचा माणूस सकाळी सातला दारात येऊन बसला. ज्या गल्लीत या बाई घरोघर जाऊन लोकांना औषधे वेळेवर घ्यायला सांगत, त्याच गल्लीच्या देखत हे घडले. गटातील इतर बायकांनी त्यांचा हप्ता आपसात वाटून भरला. त्यानंतर या बाई गटातील त्या बायकांच्या घरी भेटीला जायला कचरू लागल्या, आणि त्या घरांपैकी एकात आठवा महिना लागलेली सून होती. तुटपुंज्या मानधनाचा परिणाम आरोग्यसेवेवर कसा होतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

कोणते पर्याय विचारात घेतले

जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला आम्ही चौघे, म्हणजे त्या, त्यांचे पती, सासूबाई आणि मी, त्यांच्या घरी बसलो. पतीचे मत स्पष्ट होते : आशाचे काम सोडावे आणि चंदगड तालुक्यातील काजू कारखान्यात जावे. तेथे गावातील काही बायका जात होत्या, रोज सुमारे साडेतीनशे रुपये सुटत आणि पैसे आठवड्याला हातात पडत. महिन्याचा आकडा फार वेगळा नव्हता, पण त्याची तारीख पक्की होती. शिवाय दहा वर्षे काम करून बाहेर पडणाऱ्या आशाला केंद्राच्या नियमाप्रमाणे २०,००० रुपये एकरकमी मिळण्याची तरतूद होती, आणि त्या रकमेतून दुसरे कर्ज जवळजवळ मिटत होते. हा विचार हलका नव्हता. दोन हप्ते डोक्यावर असलेल्या घराने तो करणे अगदी स्वाभाविक होते.

सासूबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. हद्दीपलीकडच्या आशांना जास्त मिळते, मग तिकडे का जाऊ नये? महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आशांच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली होती, आणि त्यानंतर तिकडे राज्याचाच वाटा १०,००० रुपये झाला, म्हणजे इकडच्या दुप्पट. काम तेच, रोग तेच, पाऊसही तोच. पण आशा त्या गावचीच रहिवासी असावी लागते, त्यामुळे हा पर्याय बोलण्यापुरताच राहिला. मनात मात्र तो सलत राहिला, आणि का सलू नये, हे मला आजही सांगता येत नाही.

गावातील एका जाणत्याने सुचवले की गाव आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या वार्षिक १०,००० रुपयांच्या निधीतून तात्पुरती उचल करावी आणि मानधन आले की परत भरावी. बाईंनी ते तिथल्या तिथे नाकारले. तो पैसा गावाचा आहे, एवढेच त्या म्हणाल्या. ज्या घरात गॅसची टाकी संपल्यावर चूल पेटत होती, त्या घरात दिलेला हा नकार आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

तिसरे कर्ज काढणे किंवा मंगळसूत्र गहाण ठेवणे हेही बोलण्यात आले. त्याने फक्त तारीख पुढे जाणार होती. शेवटी राहिले ते अडकलेले पैसे शोधून काढणे. त्याबद्दल घरात कोणालाच आशा वाटत नव्हती, कारण किती अडकले आहे हेच माहीत नव्हते.

काय केले

बाईंनी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. एप्रिलपर्यंत काही हाती लागले नाही तर काजूच्या कारखान्यात जायचे, असे ठरले. निर्णय असा मुदतीने बांधून घेतल्यामुळे पतीचा विरोध मावळला.

त्यांच्याकडे एक मोठी जमेची बाजू होती. सरकारी नोंदवह्या कानडीत भरताना चूक होईल या भीतीने त्या प्रत्येक भेट आधी घरच्या वहीत मराठीत लिहून ठेवीत. तारीख, बाईचे नाव, तायी कार्डाचा (गरोदर बाईच्या नोंदीच्या कार्डाचा) नंबर, बाळाचे वजन, कोणती लस, सगळे त्यात होते. ही वही, बँकेचे पासबुक आणि आरोग्य केंद्रात दिलेल्या मासिक अर्जांच्या त्यांच्याकडे असलेल्या प्रती आम्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागचे पंधरा महिने ओळीने तपासले. सुमारे ११,८५० रुपयांचे काम झाले होते, पण पैसे जमा झालेले नव्हते. त्यात केंद्राच्या नियमित रकमेचे तीन महिने म्हणजे ६,००० रुपये होते, कारण आरोग्य केंद्रात माहिती भरणाऱ्याची जागा त्या काळात रिकामी होती आणि अर्ज फाइलीतच राहिले होते. सहा बाळांच्या लसीकरणाचे ६०० रुपये होते. उरलेले ५,२५० रुपये नऊ बाळांच्या घरभेटींचे आणि जननी सुरक्षेच्या पाच बाळंतपणांचे होते, आणि खरी गुंतागुंत तेथे होती.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. या गावच्या सुना सातव्या महिन्यानंतर चंदगडकडे जात. सहा-सात महिने तपासण्यांना नेण्याचे, गोळ्या देण्याचे, रक्त तपासून घेण्याचे काम इकडच्या आशाचे झालेले असे, पण बाळंतपणाची नोंद महाराष्ट्रात पडे आणि इकडच्या यादीत ती बाई अपूर्णच राही. उलट गावच्या लेकी बाळंतपणासाठी तिकडून इकडे येत. त्यांच्याकडे तिकडचे कार्ड असे, इकडचे नसे. बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाऊन वजन करणाऱ्या आशाची भेट आरोग्य केंद्रातील संगणकाच्या पडद्यावर कोणाच्या नावापुढे मांडायची हेच ठरत नसे. काम दोन्ही बाजूंनी होत होते आणि मोबदला दोन्ही बाजूंनी निसटत होता.

बाईंनी चंदगड तालुक्यातील शेजारच्या गावच्या आशा सेविकेशी संपर्क साधला. ती या गावच्याच एका सुनेची नणंद निघाली. दोघींनी ठरवले की बाळंतपणासाठी हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक बाईच्या कार्डाचा फोटो आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत एकमेकींना पाठवायची. जुन्या प्रकरणांपैकी जेवढ्यांचे कागद मिळाले तेवढे मिळवले. मग आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे एक अर्ज केला. तो कानडीत लिहिला, सोबत नावनिहाय तक्ता जोडला आणि पोच घेतली. अर्जात तक्रारीचा सूर ठेवायचा नाही, फक्त कामे आणि तारखा द्यायच्या, असा आमचा आग्रह होता. वैद्यकीय अधिकारी नवे होते. त्यांनी तक्ता शांतपणे वाचला आणि बाळंतपणाच्या तारखा स्वतः तपासून घेतल्या. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर गोष्ट इथेच थांबली असती, हे मान्य करावे लागेल.

याच काळात, ७ जानेवारीपासून, राज्यभरातील आशा बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात बसल्या होत्या. मागणी दरमहा १५,००० रुपयांची होती. या बाई गेल्या नाहीत, कारण ती आठवा महिना लागलेली सून आता दिवसांत आली होती आणि तिचा रक्तदाब वाढलेला होता. दोन्ही बाजूंनी ओढाताण झाली. चार दिवसांनंतर मुख्यमंत्र्यांनी एप्रिलपासून राज्य आणि केंद्राचे मिळून किमान १०,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले आणि आंदोलन मागे घेतले गेले.

फेब्रुवारीत मायक्रोफायनान्सच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध राज्य सरकारचा वटहुकूम आला आणि गावात कर्जे माफ झाल्याची बोलवा उठली. काही घरांनी हप्ते थांबवले. या बाईंच्या दोन्ही कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या होत्या, म्हणून कर्ज माफ होत नव्हते. वसुलीची दमदाटी मात्र थांबली. त्या सवडीचा उपयोग करून मार्चमध्ये त्यांनी गावच्या पतसंस्थेकडून दोन जामीनदार देऊन ५०,००० रुपयांचे कर्ज घेतले आणि जुनी दोन्ही कर्जे मिटवली. नवा हप्ता सुमारे १,७०० रुपयांचा आहे. मुदत लांबली, पण महिन्याला दोन हजारांहून अधिक रक्कम मोकळी झाली.

निष्पन्न काय झाले

मे महिन्याच्या अखेरीपर्यंत ११,८५० पैकी ८,८०० रुपये खात्यावर आले : नियमित रकमेचे तीनही महिने, लसीकरणाचे सगळे पैसे, चार घरभेटींचे आणि दोन बाळंतपणांचे. उरलेले ३,०५० रुपये कागदांअभावी बुडाले. काजूच्या कारखान्याचा विषय मागे पडला. ती सून सुखरूप बाळंत झाली, आणि हप्ता वाटून भरणाऱ्या बायकांचे पैसे बाईंनी पहिल्या जमा रकमेतूनच फेडले. मुलीने सरकारी पदवी महाविद्यालयात प्रवेश घेतला. खासगी महाविद्यालयाचा तिचा विचार होता, तो पैशांमुळे सोडावा लागला.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने नियमित कामांची रक्कम २,००० वरून ३,५०० रुपये केल्याचे आणि दहा वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या आशाची एकरकमी रक्कम २०,००० वरून ५०,००० रुपये केल्याचे लोकसभेत सांगितले. फेब्रुवारीत काम सोडले असते तर या घराचे ३०,००० रुपये गेले असते, पण त्या वेळी हे कोणालाच कळण्यासारखे नव्हते, म्हणून निर्णय बरोबर ठरल्याचे श्रेय यातून घेता येत नाही. राज्याचे १०,००० रुपयांचे आश्वासन आदेशात उतरले नाही म्हणून ऑगस्टमध्ये जिल्हा केंद्रांवर पुन्हा धरणे झाले. या वेळी बाई तिन्ही दिवस बेळगावात बसल्या.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, दुसरे कर्ज टाळता आले असते. नोव्हेंबरात २५,००० रुपये उचलले तेव्हा तीन महिन्यांचे ६,००० रुपये आरोग्य केंद्राच्या फाइलीत पडून होते आणि पतसंस्थेचे दारही उघडेच होते, पण जामीनदार मागायला जाण्यापेक्षा दारात येऊन कर्ज देणारा माणूस सोपा वाटला. मानधनाचा ताळा दर महिन्याला घेतला असता तर अडकलेली रक्कम पहिल्याच महिन्यात दिसली असती. आता त्या पासबुक दर महिन्याला भरून आणतात आणि वहीशी ताडून पाहतात. आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत इतर आशांनीही हे सुरू केले आहे आणि त्यातून आणखी काही जणींचे राहिलेले पैसे उघड झाले.

परंतु हा ताळा आशानेच का घ्यावा? ज्याने काम करून घेतले त्याने काम आणि मोबदला यांचा मेळ घालून द्यावा, ही साधी अपेक्षा आहे. आरोग्य केंद्राने दर तिमाहीला प्रत्येक आशाला जमा आणि नाकारलेल्या रकमांचा कारणासह तक्ता दिला असता, आणि तो सीमाभागात मराठीतही दिला असता, तर पंधरा महिने कोणी अंधारात राहिले नसते. माहिती भरणाऱ्याची जागा रिकामी राहते तेव्हा तिचा भुर्दंड आशाच्या घराने सोसावा, याला कोणतेच समर्थन नाही. नियमित रक्कम तरी पोर्टलपासून मोकळी करून ठरलेल्या तारखेला दिली पाहिजे.

हद्द ओलांडणाऱ्या बाळंतपणांचे उत्तर आज दोन बायकांच्या फोनवर उभे आहे. त्यांपैकी एकीने काम सोडले की ते कोसळेल. बेळगाव आणि चंदगड या दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य कार्यालयांनी महिन्यातून एकदा अशा बाळंतपणांच्या याद्या एकमेकांना पाठवाव्यात, असा अर्ज आम्ही जूनमध्ये दोन्हीकडे केला. चंदगडच्या बाजूने तोंडी होकार आला आहे. बेळगावच्या बाजूने अर्जाची पोच मिळाली असून उत्तराची वाट पाहत आहोत. सप्टेंबरअखेर या गावातील तीन सुना माहेरी गेल्या आहेत आणि त्यांच्या कार्डांचे फोटो पलीकडे पोचले आहेत.